मान थोडी पुढे, मॅडम

कामात बढती मिळाली की पाठोपाठ निरोप येतो : प्रोफाइलसाठी एक चांगला फोटो पाठवा. माझ्या मोबाइलमध्ये फोटो हजारांनी आहेत. पण निम्म्यांत मी डोळे मिटलेली, आणि उरलेल्यांत माझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात. शेजारचा माणूस कापता येतो, त्याची बोटं नाही कापता येत. असा एक फोटो मी खरोखरच दोन वर्षं वापरला होता. त्यात मी गंभीर चेहऱ्याने समोर बघतेय आणि उजव्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं विसावली आहेत.

या वेळी सेल्फीवर भागवावं म्हटलं. तर त्यात नाक माझ्याआधी खोलीत शिरल्यासारखं. हा माझ्या मनाचा खेळ नव्हे. अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी २०१८ साली गणित मांडून दाखवलं आहे की बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे तीस टक्के रुंद भासतं. तोच फोटो पाच फुटांवरून काढला तर नाक आपल्या मापात राहतं. दोष कॅमेऱ्याचा नाही, आपल्या हाताच्या लांबीचा. मग रीतसर स्टुडिओत वेळ घेतली.

जाण्यापूर्वी आरशासमोर चांगली अर्धा तास तालीम केली. ताठ उभं राहायचं, खांदे मागे, हनुवटी आत, ओठांवर मंद स्मित. शाळेत कवायतीला शिकवलं होतं तसं. फोटोग्राफर माझ्यापेक्षा निदान पंधरा वर्षांनी लहान. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, म्हणाला, “मॅडम, सैल सोडा,” आणि तालीम पाण्यात गेली.

अंग थोडं तिरकं, चेहरा कॅमेऱ्याकडे. वजन मागच्या पायावर. इथवर ठीक होतं. मग तो म्हणाला, “आता मान पुढे.” मी मान वर केली. “वर नाही, पुढे. कासव कवचातून बाहेर काढतं ना, तशी. अजून. आता हनुवटी किंचित खाली.” बाजूने कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, बाई जमिनीवर पडलेली टाचणी शोधतेय. तोंड पाडून मी तशीच उभी राहिले.

मग त्याने लागोपाठ दोन फोटो दाखवले. पहिला मी ताठ उभी होते तेव्हाचा. त्यात हनुवटीखाली आणखी एक हनुवटी, आणि चेहरा कुठे संपतो नि गळा कुठे सुरू होतो याचा पत्ता नाही. दुसरा कासवाचा. त्यात जबड्याची रेष स्वच्छ, खाली सावलीची बारीकशी कड, आणि बाई एकदम निवांत. समोरच्या कॅमेऱ्याला मान किती पुढे आलीय ते दिसतच नाही, हनुवटीखालची कातडी ताणली गेलेली तेवढी दिसते. आणि ज्याला आपण ऐटबाज ताठपणा समजतो तो नेमकी ती कातडी गोळा करून ठेवतो. न्यूयॉर्कचा पीटर हर्ली हा छायाचित्रकार तर या जबड्याच्या रेषेसाठीच ओळखला जातो. खालची पापणी किंचित उचलायची, हाही त्याचाच लाडका सल्ला. टक्क उघडे डोळे घाबरल्यासारखे दिसतात. पापणी जराशी आवळली की माणसाला आपण काय बोलतोय ते ठाऊक असावं असं वाटतं. माझ्याबाबतीत हे फोटोपुरतंच खरं.

हातांचं काय करायचं हा मात्र जुना घोळ. फ्रेंच चित्रकार दाविदने १८१२ साली काढलेल्या चित्रात नेपोलियनचा एक हात जाकिटात खुपसलेला आहे. लोक त्यावरून त्याच्या पोटदुखीपर्यंत जाऊन पोचले. खरं तर प्रतिष्ठित माणसाने चित्रासाठी असं उभं राहायची तेव्हा पद्धतच होती. आताच्या प्रतिष्ठितांची पद्धत हाताच्या घडीची. मी घडी घातली आणि फोटोत तोंडावर बोट ठेवायचं तेवढं राहिलंय असं दिसलं. बोटं काखेत दडपली होती, दंड अंगाला चिकटून पसरले होते. “घट्ट धरू नका, हात नुसता टेकवा. बोटं दिसू देत. कोपर कमरेपासून सुटं.” कोपर आणि कंबर यांच्यामधून उजेडाची एक चीर दिसली की दोन्ही बारीक होतात. व्यायामाविना इतकं कमावल्याचं मला तरी दुसरं उदाहरण माहीत नाही.

हसण्यावर मी फार बोलणार नाही. ‘हसा’ म्हटल्यावर ओठ हसतात, डोळे हसत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. न हसताही काम होतं. छायाचित्रकार यूसुफ कार्शने १९४१ मध्ये चर्चिलच्या तोंडातली सिगार चक्क काढून घेतली आणि त्या क्षणीचा आठ्या घातलेला चेहरा टिपला. आमच्या फोटोग्राफरला काढून घेण्यासारखं माझ्याकडे काही सापडलं नाही. ‘गप्पा मारत सहज काढलेले’ असे त्याने वीसेक फोटो घेतले. त्या सगळ्यांत मी शिंकेच्या तयारीत आहे.

शेवटी निवडीसाठी चाळीस फोटो हाती आले. मला एक आवडला, ताईला तो मुळीच पटला नाही. “यात तुझा भांग भलतीकडेच आहे,” म्हणाली. खरंच, मी गंमत म्हणून तो उलटा करून पाहिला होता आणि तसाच ठेवला होता. आरशात रोज भेटणारी मी तीच! १९७७ साली मानसशास्त्रज्ञांनी नेमका हा प्रयोग केला होता. लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो आवडतो आणि त्यांच्या मित्रमंडळींना सरळ. ज्या चेहऱ्याशी माझी चाळीस वर्षांची ओळख आहे तो बाकी कुणी पाहिलेलाच नाही. ताईने कासवातला एक उचलला. “हा दे. यात तू तू दिसतेस.” मला ती कुणीतरी लांबची मावसबहीण वाटत होती. पण फोटो बघणार लोक, मी नव्हे. दिला.

तो आता प्रोफाइलवर आहे. बोराएवढ्या गोलात बसवलाय. तिरकं अंग, मागच्या पायावरचं वजन, कोपराजवळची उजेडाची चीर, सगळं गोलाबाहेर. खालच्या कडेला दंडावर टेकवलेली चार बोटं तेवढी दिसतात. निदान ती या वेळी माझी स्वतःची आहेत.