पेन्शन ऑफिसातले ते आजोबा

आज दुपारी बाबांसोबत पुन्हा एकदा 'लगे रहो मुन्नाभाई' पाहिला. 2003 चा पहिला भागही मला मनापासून आवडतो, त्यातली जादू की झप्पी कोण विसरेल? पण 2006 चा हा दुसरा भाग माझ्यासाठी कायम दोन पावलं पुढेच.

लाच मागणाऱ्या क्लार्कच्या टेबलावर ते पेन्शनर आजोबा अंगावरचा एकेक कपडा काढून ठेवतात, चष्मासुद्धा. आधी आजूबाजूचे हसतात, मग सगळं ऑफिस गप्प होतं. त्या जागी बाबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. स्वतःच्या पेन्शनच्या कागदांसाठी त्यांनीही बरेच हेलपाटे मारलेत. काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "जरा मागे घे, परत बघू." परत पाहिलं.

आणि दिलीप प्रभावळकर! आमच्या घरात ते आधी चिमणराव, मग 'झपाटलेला'तला तात्या विंचू. तोच माणूस बापू होऊन मुन्नाच्या शेजारी बसतो, आवाज जराही न चढवता बोलतो, आणि आपल्याला क्षणभरही दुसरं काही आठवत नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्यांना, मिळायलाच हवा होता.

पहिल्या भागात मुन्ना दुसऱ्यांना मिठी मारतो. इथे त्याला सर्किटची माफी मागायची असते, आणि ते किती जड जातं त्याला! शब्द ओठांपर्यंत येऊन अडखळतात. मला तर तोच प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो.

सिनेमा संपल्यावर बाबांनी त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या एका मित्राला फोन लावला. अजून बोलतायत.