“फवारू नका” असं सांगणारा कुठे मिळतो?

पिकावर काही दिसलं की पहिला फोन कोणाला करता, हे एकदा स्वतःलाच विचारून बघा. मी विचारलं आणि उत्तर जरा लाजिरवाणंच निघालं, औषधाच्या दुकानदाराला. माणूस वाईट नाही हो, पण त्याचा सल्ला फुकट आणि बिल औषधाचं, त्यामुळे “चार दिवस थांबा” हे त्याच्या तोंडून मी तरी अजून ऐकलेलं नाही.

मागच्या हंगामात भातावर तुडतुडे, म्हणजे रस शोषणारे बारके किडे, दिसले तेव्हा मी नेहमीसारखा फवारणीचा पंप काढून धुवायला बसलो होतो. चुलतभाऊ शेतीशाळेला जातो, म्हणजे बांधावरच पीक बघत शिकायच्या वर्गाला, तो म्हणाला, “दादा, आधी मोजून तर बघ.” मग काय, दोघं चिखलात उतरलो, चुडाच्या, म्हणजे भाताच्या झुपक्याच्या, बुडाशी हाताने टपटप केलं की तुडतुडे पाण्यावर पडतात, ते मोजायचे, पुढचा चूड, परत मोजायचे. कंबर मोडली. पण तेवढ्यात पाण्यावरून सर्रकन पळणारे कोळी दिसले, एकाने तर माझ्यासमोर तुडतुडा पकडला आणि तोंडात धरून पानामागे गेला. इतकी वर्षं मी यांनाच मारत होतो! त्या दिवशी फवारणी थांबवली, खरं सांगतो, दोन रात्री नीट झोप लागली नाही. आठवड्याने पुन्हा मोजले तर आकडा खाली आला होता.

ही शेतीशाळेची पद्धत तिकडे इंडोनेशियात 1989 च्या सुमारास एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, मदतीने सुरू झाली. तिथं भातावर एवढं फवारलं जायचं की कोळी आणि बाकीचे मित्रकीटक साफ मरायचे, पण तुडतुड्याची अंडी पानाच्या आवरणाच्या आत असतात, ती वाचायची. म्हणजे फवारल्यावर नवी पिल्लं येणार आणि त्यांना खाणारं कुणी नाही. शेवटी 1986 मध्ये सरकारने भातासाठी 57 कीटकनाशकांवर बंदी घातली, अनुदानही हळूहळू काढलं. पण नुसत्या बंदीने शेतकऱ्याच्या मनातली भीती जात नाही, त्याला बांधावर नेऊन कोळी दाखवावाच लागतो, म्हणून शाळा.

आता माती परीक्षणाचं बघा. रिपोर्ट आला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात गेला, विषय संपला. आळस म्हणा, पण त्या कागदावर लिहिलेलं असतं नत्र 50 किलो, आणि आपण मोजतो पोती. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे 50 किलो नत्राला जवळपास 109 किलो युरिया लागतो, ते पण हेक्टरी, मग त्याचं एकरात करा. हे गणित कुणी बसून करून दिलं नाही तर माणूस शेजाऱ्याने किती टाकलं ते बघतो आणि वर मूठभर जास्तच टाकतो. जास्तीचा नत्र काही पीक खात नाही, थोडा पाण्याबरोबर खाली जातो, थोडा हवेत उडतो, आणि पीक लुसलुशीत झालं की त्यावर तुडतुडे अजून खूश. म्हणजे परत दुकान.

मोबाईलवरच्या मेसेजचं माझं मत मिक्स आहे. पावसाचा अंदाज कामाचा, फवारणी किंवा खत पुढे ढकलता येतं. बाकीचे बरेचसे मेसेज म्हणजे पेरणी उरकल्यावर बीजप्रक्रिया करा असले, बियाण्याला औषध तर पेरायच्या आधी लावतात.

भाताचं पाणी आलटून पालटून द्यायचा सल्ला मात्र मला पटलाय. छिद्रं पाडलेली नळी शेतात पुरायची, आतलं पाणी जमिनीखाली 15 सेंटीमीटरवर गेलं की पुन्हा पाणी द्यायचं, फुलोऱ्यात मात्र थोडं पाणी उभं ठेवायचं. पाणी 30 टक्क्यांपर्यंत वाचू शकतं, आणि जमिनीला हवा मिळाली की हवा तापवणारा मिथेन वायूही बराच कमी सुटतो. वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, “भात आणि कोरडा?” मिथेनचं तर त्यांनी ऐकूनसुद्धा घेतलं नाही, पंप कमी चालेल म्हटल्यावर जरा कान टवकारले.

शेवटी कोपऱ्यातले दोन वाफे दिलेत मला, तेही सगळ्यात उताराचे. नळी मीच पुरलीय, पण रोज सकाळी माझ्याआधी तिथं जाऊन वाकून आत बघणारे कोण, ते ओळखा.