तुम्ही विचारलंत म्हणून : एकटीनं पुन्हा गाणं सुरू करण्याबद्दल

हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय (आणि हल्ली काही जणांनीसुद्धा) की एकदा सविस्तर लिहूनच टाकते. प्रश्न साधारण असा असतो, "तू एकटी राहतेस, नोकरी आहे, आईबाबांचं बघतेस, मग चाळिशी उलटल्यावर परत गाणं शिकायचा उत्साह आणलास कुठून? आम्हाला तर रविवारी अंथरुणातून उठवत नाही." विचारणाऱ्या बहुतेक जणी एकट्याच असतात, कुणी लग्न केलेलं नाही, कुणाचा घटस्फोट झालाय, आणि प्रत्येकीचं काहीतरी राहून गेलेलं असतं. कुणाचं भरतनाट्यम, कुणाची एमएची शेवटची सेमिस्टर, एकीला नर्मदा परिक्रमा करायचीये. माझं विशारद राहिलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गाण्याच्या परीक्षा असतात, प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मग मध्यमा प्रथम आणि पूर्ण, मग विशारदची दोन वर्षं. वर्षातून दोनदा सत्र, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. मी कॉलेजात असताना मध्यमा पूर्ण केली आणि तिथंच थांबले. कारण अगदी साधं होतं, नोकरी लागली आणि घरात स्थळं बघायला सुरुवात झाली, आणि त्यानंतर प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर मिळायला लागलं, एकदा लग्न होऊ दे मग बघू. क्लास लावू का, कुठल्या गावी जाशील काय माहीत. पेटी (हार्मोनियम) दुरुस्त करून आणू का, तुझं घर झालं की ने. कुणी वाईट बुद्धीनं म्हणत नव्हतं, आईला खरंच वाटायचं की सगळं जागच्या जागी व्हावं, आणि मलाही ते पटायचं. पण लग्न जमलं नाही, पुढेपुढे मलाच करावंसं वाटेनासं झालं, आणि त्या एका गोष्टीला बांधून ठेवलेल्या बाकीच्या सगळ्या गोष्टी तशाच बांधलेल्या राहिल्या. मला वाटतं आपल्याकडे एकट्या राहणाऱ्या माणसांचं जे राहून जातं त्यातलं बरंचसं असं राहतं. लोक त्याला आळस म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही.

दुसरं म्हणजे वेळ. एकटं माणूस म्हणजे मोकळं माणूस हा समज इतका घट्ट आहे की आपणही तो धरून चालतो. मी अकाउंट्समध्ये आहे, दर महिन्याच्या 20 तारखेला जीएसटीचं रिटर्न भरायचं असतं, आणि त्याआधीच्या आठवड्यात उशिरापर्यंत कोण थांबणार हे कुणी विचारतसुद्धा नाही, कारण "तुला काय, घरी कुणी वाट बघत नाही." बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलमध्ये रात्री मीच, भावाच्या मुलांची शाळा म्हणून. ते मी आनंदानं केलं, बाबांसाठी उद्याही करीन, पण हे असं सगळीकडून थोडंथोडं दिल्यावर संध्याकाळी सातला घरी आलेल्या बाईकडे वेळ असतो हे कुणी म्हणू नये. वरून कामवालीपासून गॅसच्या नंबरापर्यंत सगळं एकाच डोक्यात. म्हणून तुम्ही दमलेल्या असाल तर दमलेल्याच आहात, मन घट्ट करून काही होत नाही, आधी कुठून वेळ जातोय तो बघून एकदोन जागी स्पष्ट नाही म्हणावं लागतं. मी भावाला सांगितलं की मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी माझा क्लास, मी मोकळी नाही, आईबाबांना फोन करायचा तर तू कर, डॉक्टरची अपॉइंटमेंट त्या दिवशी घ्यायची तर तू जा. त्यानं लगेच मान्य केलं. इतकी वर्षं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता सुरुवात कशी झाली ते. मी स्वतःच्या नावावर वन बीएचके घेतला, कर्ज काढून. तो निर्णय मात्र मी लग्नाच्या खुंटीला बांधला नव्हता, भाडं भरून आणि "फॅमिलीलाच देतो" ऐकून कंटाळले होते. सामान हलवताना आईनं कपाटावरची पेटी खाली काढली आणि म्हणाली, आता घेऊन जा, तुझं घर झालं ना. ती सहज म्हणाली असेल पण मी टेम्पोत बसल्यावर तेच डोक्यात राहिलं, की अट तर पुरी झाली, मग आता थांबलंय काय. पेटीचा भाता फाटला होता, मधल्या सप्तकातला गंधार दाबला की वरच येत नव्हता आणि एका सुरातून नुसती हवा यायची. दुरुस्तीवाल्या काकांनी पट्ट्या काढून आतला ब्रासचा एकेक सूर घासून पुसून लावला, भात्याला नवीन चामडं, आणि परत देताना त्यांनी नुसता सा धरून ठेवला, बराच वेळ. मी तिथंच दुकानात त्यांच्या त्या सा मध्ये आवाज लावून बघितला. लागला नाही. कॉलेजात मी काळी पाचला गायचे (म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून), आता काळी चारला खाली यावं लागलं, वयानं आवाज उतरतो हे नंतर गाण्याच्या बाईंनी समजावलं आणि म्हणाल्या यात वाईट काही नाही, खर्ज (खालचा सूर) तुला आधी नव्हता तो आता मिळेल.

तर उत्साह आधी आला आणि मग क्लास लावला, असं झालेलं नाही. हे मी सगळ्यांना सांगते आणि कुणाला फारसं आवडत नाही. क्लास आधी लावला, फी भरली, आणि पहिले काही महिने मी उत्साहाशिवायच जात होते, पाय ओढत. जात होते कारण शुक्रवारी तबलजी येतात. ते शहराच्या दुसऱ्या टोकाहून बसनं येतात आणि मी गेले नाही तर त्यांची फेरी फुकट जाते. "घरी कुणी वाट बघत नाही" हे वाक्य मला फार लागायचं, आणि त्याच्यावर मला सापडलेला उपाय हाच, की कुणीतरी वाट बघेल अशी व्यवस्था आपण करायची. नवरा-मुलं असलेल्या माणसांना ती आयती असते, चांगली आणि त्रासाची दोन्ही. आपल्याला ती मुद्दाम उभी करावी लागते. मी आधी घरी एकटीनं यूट्यूब लावून बघितलं होतं, ते टिकलं नाही, कारण बंद केलं तरी कुणाला कळत नव्हतं. म्हणून तुमचं जे काही असेल त्यासाठी एक माणूस शोधा ज्याचा वेळ तुमच्याशी बांधलेला आहे, गुरू असेल, बरोबर अभ्यास करणारी मैत्रीण असेल, चालायला येणारा ग्रुप असेल. मोटिव्हेशनचे व्हिडिओ मात्र बघू नका, ते बघण्यातच संध्याकाळ जाते.

उत्साह आला तो असा आला. बिहाग रागातला बडा ख्याल चालू होता, विलंबित म्हणजे अगदी संथ एकतालात. एकतालाच्या मात्रा बारा, पण विलंबितात एकेक मात्रा एवढी ताणलेली असते की नव्या माणसाला आपण आवर्तनात (तालाच्या एका फेरीत) कुठं आहोत तेच कळत नाही, हात सोडून दिल्यासारखं वाटतं. बाई म्हणाल्या मात्रा मोजू नकोस, तबला ऐक. चौथ्या मात्रेला तिरकिट हा बोल येतो आणि दहाव्याला परत येतो, दुसरं तिरकिट ऐकलंस की सावध हो, मग धी, मग ना, आणि तिथून मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) उचलून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, ये. मी कित्येक आठवडे आधीच पोचत होते नाहीतर सम निघून जायची. मग एका शुक्रवारी आलाप करता करता ते दहाव्याचं तिरकिट मला आपोआप ऐकू आलं, मी न घाबरता निषादावरून खाली आले, मुखडा घेतला, आणि समेवर तबलजींची मान आणि माझा सूर एकदम पडला. ते नुसतं "हां" म्हणाले. त्या दिवशी घरी येऊन मी जेवण न करता परत गायला बसले. तेव्हापासून जो आहे तो उत्साह, आणि तो हातात थोडंसं आल्यावर आला, त्याच्या आधी मी कितीही बोलावला असता तरी आला नसता.

मला धीर द्यायला लोक संगीतशास्त्रकार पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचं उदाहरण देतात, की बघ, एकटे होते म्हणून एवढं करू शकले. गोष्ट अशी की वाळकेश्वरला 1860 मध्ये जन्मलेले भातखंडे पेशानं वकील, 1900 मध्ये त्यांची पत्नी गेली, 1903 मध्ये मुलगी गेली, आणि मग वकिली सोडून ते पूर्णवेळ संगीताच्या मागं लागले, 1904 मध्ये दक्षिणेचा दौरा केला, वयाची चाळिशी तेव्हा उलटलेली होती. शास्त्राच्या पेपरसाठी त्यांची स्वरलिपी (गाणं कागदावर लिहायची पद्धत) आम्हाला शिकावी लागते म्हणून मी त्यांच्याबद्दल बरंच वाचलं, आणि मला हे "एकटे होते म्हणून" मुळीच मान्य नाही. इतकं दुःख कुणाच्या सोयीचं असू शकत नाही. आणि ते गाण्याच्या बाबतीत एकटे नव्हतेच, 1884 पासून ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळी या संगीतसंस्थेत जात होते, तिथं गुणी लोकांकडून ऐकत शिकत होते, पुढं जयपूर-रामपूरच्या उस्तादांकडून बंदिशी घेतल्या, त्या सगळ्या लिहून क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग झाले. दारोदार जाऊन, विनवण्या करून, माणसामाणसाकडून गोळा केलेलं काम आहे ते. पुस्तक उघडलं की मला हेच दिसतं, एवढ्या बंदिशी म्हणजे एवढ्या माणसांसमोर तो माणूस जाऊन बसला.

वाईट दिवस अजून येतात. रिटर्नचा आठवडा असला की रियाज होत नाही, तेव्हा मी फक्त तानपुऱ्याचं ॲप लावते आणि खर्जात सा धरते, पंधरा मिनिटं, बास. मालकंस राग असेल तर ॲपवर पंचमाऐवजी मध्यम लावायचा (त्या रागात पंचम नसतो) एवढं लक्षात राहिलं तरी पुरे. सकाळी सातच्या आधी गात नाही, शेजारी लहान बाळ आहे. विशारद प्रथम (आमच्या वेळी उपांत्य म्हणायचे) झालं, विशारद पूर्णचा फॉर्म या नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्राला भरतेय, तबलजींना तारीख राखून ठेवायला सांगितलंय.

आणि शेवटी हमखास येणारा प्रश्न, उद्या लग्न ठरलंच तर? मावशी अजून अधूनमधून स्थळ आणते, मीही अगदी दार लावून बसलेली नाही. मागच्या वेळी एका गृहस्थांना भेटले तेव्हा चहा यायच्या आधीच सांगितलं की मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी मी क्लासला असते आणि सकाळी सात ते आठ घरात गाणं चालतं. ते म्हणाले आठपर्यंत त्यांना झोप लागते. मी म्हटलं मग आपलं अवघड आहे, आणि चहा पिऊन आम्ही छान गप्पा मारून उठलो.