भाऊंची सुनावणी

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला आणि छळ करणारा खुद्द मालकच असला, तर बाईने जायचं कुठे? २०१३च्या कायद्यात याचं उत्तर आहे, पण ते फार थोड्यांना ठाऊक असतं. प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणच्या आणि मालकाविरुद्धच्या तक्रारी तिच्याकडे येतात. मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात वकिली करते आणि काही काळ अशा समितीवर होते. सदस्याला दिवसाला २०० रुपये आणि प्रवासखर्च, अध्यक्षांना २५०. चहा आपापला.

अशा चौकशीतली नावं-गावं उघड करायला कायद्याची बंदी आहे आणि ती योग्यच आहे. त्यामुळे जिल्हा सांगत नाही, काही तपशील मुद्दाम फिरवले आहेत. त्या दिवशी जे बोललं गेलं ते मात्र फिरवलेलं नाही.

त्या दिवशीचे सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती ते, होते भाऊ. आमच्या भागात ‘भाऊ’ म्हटलं की आडनाव विचारावं लागत नाही. ऊसतोड कामगारांसाठी त्यांनी हयात घालवली. मुकादमाची उचल फिटली नाही म्हणून फडात डांबून ठेवलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत एक कोयता, सोडवून आणायची, प्रांत ऑफिसात बसून वेठबिगारीच्या १९७६च्या कायद्याखाली मुक्ती प्रमाणपत्र मिळवायचं, आणि रात्री त्या कुटुंबाला स्वतःच्या घरी जेवू घालायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्युनिअर असताना त्यांच्या फायली मी डोक्यावर घेऊन पळाले आहे. अर्ज कसा लिहायचा हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही, भाऊंनी शिकवलं. हे सगळं मी समितीला आधीच लेखी कळवलं होतं आणि बाजूला होण्याची तयारी दाखवली होती. दोन्ही बाजूंनी हरकत नाही असं लिहून दिलं. भाऊंनी का दिलं, ते उघड होतं. तक्रारदार मुलीने का दिलं, ते मला सुनावणीच्या दिवशी कळलं.

ती ऊसतोड कुटुंबातली. साखरशाळेत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठीच्या हंगामी शाळेत, शिकलेली, पुढे भाऊंच्या संस्थेत कार्यकर्ती झालेली. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा बायकांना बोलतं करायला जी पोरं-पोरी तांड्या-वस्त्यांवर हिंडली त्यांत ही होती. तिची तक्रार थोडक्यात अशी: शिबिराहून परतताना रात्री जीपमध्ये भाऊंनी अंगचटीला येणं, नंतरचे रात्रीचे मेसेज, आणि तिने टाळायला सुरुवात केल्यावर शिबिरांच्या यादीतून नाव कापणं आणि मानधन बंद होणं.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी ताई माझ्याकडे आल्या. ताई म्हणजे आमच्या भागातल्या स्त्रियांच्या चळवळीच्या आजीच. पायरी चढताना धाप लागत होती तरी हात धरू दिला नाही. चहा अर्धा ठेवून म्हणाल्या, “घरातल्या घरात मिटवता नाही येणार? तडजोडीचं कलम आहे ना कायद्यात.”

“आहे. पण ते तक्रारदार बाईने मागितलं तरच. तिने मागितलेलं नाही.”

“तिला समजावता येईल.”

“ते मी करणार नाही, ताई. आणि तुम्हीही करू नका.”

मग त्या मुद्द्यावर आल्या. “दिवस कसले आलेत बघतेस ना? आपली माणसं उरलीत किती? ही एक संस्था मोडली की मुकादमांना आणि कारखान्यांना मोकळं रान. उद्या तुमचा तो अहवाल त्यांचे लोक चौकात फडकवतील. आपणच त्यांच्या हातात कोलीत द्यायचं का?”

ताईंचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. भीती खरी होती. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत माणसं अशी दुभंगली आहेत की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोण कुठल्या बाजूचा ते पाहून पाट मांडतात. पण मला आठवत होत्या मथुरा प्रकरणाच्या वेळच्या ताई. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलेले पोलीस, आणि त्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना लिहिलेलं खुलं पत्र. ते पत्र ताईंनी हाताने उतरवून गावोगाव वाचून दाखवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाविरुद्ध बोलायचं नसतं, संस्थेची अब्रू जाते, असं तेव्हाही लोक म्हणाले होतेच.

मी तेवढंच म्हटलं, “ताई, मथुरेच्या वेळी तुम्ही न्यायालयाची अब्रू सांभाळत बसला नव्हता.”

त्या उठल्या. जाताना “तू वकील झालीस फार” म्हणाल्या. ती शाबासकी नव्हती.

दुसऱ्या दिवशी महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाबाहेर दोन गर्दी होत्या. फाटकाच्या डावीकडे भाऊंच्या बाजूच्या बायका: तांड्यावरून टेम्पोने आलेल्या, रोज बुडवून आलेल्या, ‘भाऊ तुम आगे बढो’ म्हणणाऱ्या. उजवीकडे एका पक्षाची महिला आघाडी, बरोबर कॅमेरे आणि ‘नराधमाला फाशी द्या’चे छापील फलक. या पक्षाचं आणि भाऊंचं अनेक वर्षांचं वाकडं. मागे त्याच पक्षाच्या एका नगरसेवकाविरुद्ध कंत्राटी सफाई कामगार बाईची तक्रार आली होती. तेव्हा हा फाटक ओस होता. मला दोन्ही गर्दींचा राग आला, पण सारखा नाही. डावीकडच्या बायकांना भाऊंनी खरोखर काही दिलेलं होतं.

आघाडीच्या अध्यक्षा आत आल्या. तक्रारीची प्रत हवी होती. मिळणार नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “मग आज संध्याकाळपर्यंत निकाल द्या, आम्ही बसलोय.” समितीच्या अध्यक्षांनी त्यांना गोव्याचं उदाहरण सांगितलं. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाची चौकशी घाईघाईत उरकली गेली, त्याला बाजू मांडायला पुरेसा अवधी मिळाला नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२३च्या मे महिन्यात ती कारवाई रद्द केली आणि चौकशी पुन्हा करायला सांगितली. “तुम्हाला शिक्षा हवी आहे की बातमी?” असं आमच्या अध्यक्षांनी अगदी मऊ आवाजात विचारलं. निवृत्त मुख्याध्यापिका होत्या त्या. आघाडीच्या बाई बाहेर गेल्या.

भाऊंनी वकील आणला होता. समितीपुढे वकील चालत नाही, त्यांना बाहेर बसवलं. भाऊंची पहिली हरकत लेखी होती आणि हुशार होती: आमच्याकडे मालक-नोकर असं काही नाही, ही चळवळ आहे, ती मुलगी स्वयंसेवक होती, पगारी नव्हे. पण कायद्याच्या व्याख्येत मोबदला घेऊन असो वा न घेता, स्वेच्छेने काम करणारीही येते. दुसरी हरकत, प्रसंग जीपमधला, ऑफिसातला नव्हे. कामासाठी जाता-येताना संस्थेने पुरवलेलं वाहनही कामाचं ठिकाणच धरलं जातं. तिसरी हरकत मुदतीची. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते, हिची चौथ्यात आली होती. समितीला आणखी तीन महिने वाढवता येतात, कारणं लेखी नोंदवून. थकलेलं मानधन सुटेल या आशेवर ती गप्प राहिली होती, हे कारण आम्हाला पटलं.

चळवळीत मालक नसतो, हे वाक्य मी तरुणपणी अभिमानाने ऐकलं आहे. त्या टेबलाशी बसून मला दिसलं की मालक नसतो म्हणजे रजेचा अर्ज नसतो, नेमणुकीचं पत्र नसतं, अंतर्गत समिती नसते आणि दाद मागायला माणूस नसतो. भाऊंच्या संस्थेत दहाहून जास्त माणसं होती, म्हणजे अशी समिती असणं बंधनकारक होतं. ती नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड होतो. इतरांच्या कारखान्यांवर कायदा लावायला शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या ऑफिसात एक कागद लावला नव्हता.

तिची साक्ष आधी झाली. भाऊंना समोर बसवलं नाही, त्यांचे प्रश्न लेखी घेऊन आम्ही विचारले. ती रडली नाही. तारखा डायरीत होत्या, कारण शिबिराच्या खर्चाचा हिशोब तीच लिहायची. एका ठिकाणी ती अडखळली: दुसऱ्या एका शिबिरातल्या प्रसंगाला ना साक्षीदार होता ना नोंद, आणि तारीख जुळत नव्हती. तिने ओढूनताणून जुळवली नाही. “नक्की आठवत नाही,” म्हणाली. आम्ही तसंच लिहून घेतलं.

मी विचारलं, “बाहेर जे लोक तुझ्या बाजूने बसलेत, त्यांना तू बोलावलंस का?”

“नाही. त्यांच्यातल्याच एकाचा भाऊ मुकादम आहे, मॅडम. माझ्या बापाला त्यानंच मारलं होतं.”

“आणि मी समितीवर राहायला तू हरकत का घेतली नाहीस?”

“तुम्ही भाऊंना मानता म्हणून. ज्यांना भाऊ मुळातच नको होते त्यांनी मला खरं म्हटलं, तर त्याला कोण विचारतंय?”

मग जीपचे ड्रायव्हर. साठीकडे झुकलेले, डावीकडच्या गर्दीतूनच उठून आत आले. भाऊंचे साक्षीदार म्हणून यादीत होते. शपथ घेऊन बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, “मी भाऊंचं मीठ खाल्लंय. पण गाडी त्यांनी थांबवाय लावली व्हती. मला म्हणले, जरा खाली उतर, बिडी वढून ये. मी उतरलो. पोरगी मागनं मोठ्यांदा म्हणली, काका, जाऊ नका. मी गेलतो लांब, तरी ऐकू आलं.” थोडं थांबून, “परत आलो तर पोरगी पुढच्या शिटावर बसल्याली.”

आत काय घडलं ते त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असं सांगितलंही नाही. पण हे काही फौजदारी खटल्याचं न्यायालय नव्हतं. अशा चौकशीत संशयातीत पुरावा लागत नाही, कोणती गोष्ट घडली असण्याची शक्यता जास्त, ते पाहायचं असतं.

भाऊ दुपारनंतर आले. मला पाहून नेहमीसारखं “काय वकीलबाई” म्हणाले. मुलगी लेकीसारखी आहे, मेसेज काळजीपोटी होते, आणि हे सगळं मुकादमांच्या पक्षाचं कारस्थान आहे. बाहेरचे फलक दाखवून म्हणाले, “हे बघा, पुरावा बाहेरच उभा आहे.” खोटं कसं म्हणणार? फलक होतेच. त्या पक्षाला त्या मुलीचं काही पडलेलं नाही हेही खरंच होतं.

मी मेसेजचा कागद पुढे केला. “हा रात्री साडेअकराचा. ‘तू बोलली नाहीस तर मला झोप येत नाही.’ हा त्यांच्यातल्या कुणी तुमच्या फोनवरून पाठवला का?”

ते कागदाकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. “तू हे मला विचारतेस?”

“समिती विचारते आहे.”

“माणूस एकटा पडतो गं. तुम्हाला नाही कळायचं.”

पुढे मानधनाचं रजिस्टर काढलं. इतर सगळ्यांच्या सह्या होत्या, हिचंच नाव त्या महिन्यापासून गायब, कारणाचा रकाना कोरा. याला कारस्थान म्हणायला त्यांनाही जमलं नाही. नोंद त्यांच्याच अक्षरात होती.

अहवालात आम्ही जीपचा प्रसंग, मेसेज आणि मानधन हे तिन्ही सिद्ध धरलं. दुसऱ्या शिबिराचा आरोप सिद्ध होत नाही असं लिहिलं, आणि सिद्ध झाला नाही म्हणजे तो खोटा ठरत नाही हेही लिहिलं, कारण कायदा तसंच म्हणतो. तिला काय हवं ते तिने सुनावणीतच सांगितलं होतं: थकलेलं मानधन, लेखी माफी, संस्थेत समिती, आणि मुलींना घेऊन भाऊंनी रात्रीचा प्रवास करू नये. फाशी तिने मागितली नव्हती. संस्था बंद करायलाही सांगितलं नव्हतं. विश्वस्तपदावरून दूर करण्याची शिफारस आमची होती.

संध्याकाळी फाटकाबाहेर दोन्ही गर्दींनी मला घेरलं. एकीकडून ‘विकली गेली’, दुसरीकडून ‘वाचवलं तुम्ही त्याला’. अहवाल अजून लिहिला गेला नव्हता.

जिल्हाधिकाऱ्यांनी शिफारशी मान्य केल्या. विश्वस्तांनी भाऊंना दूर केलं, मानधन दिलं. माफीचं पहिलं पत्र ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ छापाचं होतं. मुलीने परत पाठवलं, काय केलं ते लिहा म्हणून. दुसऱ्या पत्रात चार ओळींत ते लिहिलेलं होतं. अपिलाची ९० दिवसांची मुदत भाऊंनी जाऊ दिली. ताई माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत, मग एका मोर्चात पाण्याची बाटली मागितली. महिला आघाडीचे फलक पुन्हा दिसले नाहीत.

पुढच्या गळीत हंगामात कर्नाटकातल्या एका फडातून काही कोयते सोडवायचे होते. भाऊ प्रांत ऑफिसात एकटेच आले होते, पदाशिवाय, हातात तीच कापडी पिशवी. अर्जात गावाचं नाव चुकलं होतं. मी दुरुस्त करून दिलं. त्यांनी बाकावर सरकून मला जागा केली, पण मी उभीच राहिले, आणि नाव पुकारल्यावर त्या कुटुंबांना घेऊन आत गेले.