आतला मोडेम आणि अडकून बसलेली लाइन

माझ्याकडे एटी अँड टीचा १९८५ सालचा युनिक्स पीसी आहे, म्हणजे युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवणारा संगणक. प्रोसेसर मोटोरोला ६८०१०, मागे टेलिफोनची तीन सॉकेट: दोन लाइनची, एक फोनचं. मोडेम (फोनच्या लाइनवरून संगणकाची माहिती धाडणारा भाग) आतच, वेग सेकंदाला ३०० किंवा १२०० बिट. अशी मशीन जपणारे हमखास सांगतात, आतल्या मोडेमचा भरवसा धरू नका, बाहेरचा लावा. मला हे पटत नाही.

१२०० च्या वेगाला सेकंदाला ६०० वेळा फेज (सुराच्या लहरीचा टप्पा) बदलते आणि दर बदलात दोन बिट जातात. एका बाजूचा सूर १२०० हर्ट्झला, दुसरीचा २४०० ला. दोघांत भरपूर अंतर असल्यामुळे खरखरीच्या लाइनवरही हे तगून राहतं. यूयूसीपी (युनिक्स मशीनमध्ये फोनवरून फाइली पाठवणारी व्यवस्था) तर माहितीचं चुकलेलं पाकीट पुन्हा मागवतं, त्यामुळे खराब लाइनवर फाइल बिघडत नाही, फक्त रेंगाळते. नुसत्या लॉगिनला मात्र असं संरक्षण नसतं. तिथे खरखरीमुळे ओळीच्या मधेच भलतेच महिरपी कंस उगवतात.

खरं दुखणं असतं फोन ठेवण्याचं. समोरच्याची लाइन तुटली की कॅरिअर (मोडेमचा सतत चालणारा सूर) जातो, आणि तेव्हा सिस्टिमने शेल (लॉगिन केलेल्याच्या आज्ञा घेणारा प्रोग्राम) बंद करून लाइन सोडायला हवी. पोर्टवर ‘सीलोकल’ (कॅरिअरकडे लक्ष देऊ नको असं सांगणारी सेटिंग) चालू राहिलं असेल तर कॅरिअर गेल्याचं तिच्या गावीही नसतं. शेल तसाच जिवंत राहतो आणि पुढच्या फोनवाल्याला आधीच्या माणसाचं लॉगिन आयतं मिळू शकतं! म्हणून ‘एसटीटीवाय’ या सेटिंग दाखवणाऱ्या-बदलणाऱ्या आज्ञेने सीलोकल बंद आणि ‘एचयूपीसीएल’ (काम संपलं की फोन ठेवायला लावणारी सेटिंग) चालू आहे ना, हे मी सगळ्यात आधी बघतो. मग लॉक फाइल, म्हणजे लाइन वापरात असल्याची खूण. तिच्यातल्या नंबरची प्रोसेस ‘पीएस’मध्ये (चालू प्रोसेसच्या यादीत) दिसत नसेल तर ती फाइल बिनधास्त उडवावी.

एवढं करूनही लाइन एंगेज लागत असेल तर मीटर काढायचा. फोन ठेवलेला असताना लाइनवर ४८ व्होल्टच्या आसपास दिसतात, उचलला की ते दहाच्या खाली उतरतात. मोडेमने फोन ठेवल्यावरही व्होल्टेज वर येत नसेल आणि सॉकेटमधून वायर काढताच येत असेल, तर रिले (लाइन जोडणारा-तोडणारा विजेचा स्विच) चिकटलाय. इतक्या वर्षांनी रिलेने दगा दिला तर त्याला काय दोष द्यायचा? तो बदलता येतो.

आतल्या मोडेमची एक उणीव मी मान्य करतो: दिवे नाहीत आणि तो अडकला तर त्याला एकट्याला बंद करता येत नाही, अख्खं मशीन रीतसर शटडाउन करावं लागतं. आणि पावसाळी ढग जमले की लाइनची वायर काढून ठेवा. वीज त्या वाटेने शिरली तर थेट मुख्य बोर्डापर्यंत पोचते.