लोणारवाडी ते खंबाळे, देवनदीच्या काठाने

त्र्यंबकहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघाली, सातपूर झालं, नाशिक झालं, पळसे झालं, हे सगळं आता एकात एक मिसळून गेलंय. रामकुंडावर कधी पोचलो आणि मोहदरी घाट कधी चढलो ते विचारलं तर धड सांगता येणार नाही. पण लोणारवाडी ते खंबाळे हा एक टप्पा अजून जसाच्या तसा डोळ्यापुढे आहे, कारण त्या दिवशी दोन्ही पायांना फोड आले होते आणि देवनदी दिवसभर कधी डावीकडून कधी लांबून सोबतीला होती.

काकड्यालाच माझी चिडचिड सुरू झाली होती. टँकरपाशी एकीने माझी कळशी बाजूला सारून स्वतःचे दोन ड्रम लावले, आणि वर म्हणाली माउली जरा दमानं. मी काही बोलले नाही पण हरिपाठाच्या चार अभंगांपर्यंत तेच डोक्यात चालू होतं. पाचव्याला कधी विसरले कळलं नाही, तोंड आपोआप चाललं होतं आणि टाळाच्या ठेक्याला पाय पडत होते.

देवनदी मोठी नाही. कोनांब्याच्या बाजूच्या डोंगरातून येते, तिथलं धरण भरलं की खाली वाहायला लागते, लोणारवाडी, सिन्नर, कुंदेवाडी, मुसळगाव, दातली, खोपडी, देवपूर, वडांगळी करत सांगवीपाशी गोदावरीला मिळते. म्हणजे जन्मापासून गोदावरीपर्यंत सगळा संसार सिन्नर तालुक्यातच. ज्येष्ठात तिच्यात असतं काय, तर गोटे, वेड्या बाभळी, मधेच एखादं डबकं आणि गावाखाली काळं सांडपाणी. वाळू तर कधीच उचलून नेलीय. नाशिकचे लोक गाडीतून पुलावरून जाताना हिला नदी म्हणतही नाहीत, नाला म्हणतात, आणि मला त्याचा राग येतो.

मला हा राग यायला लागला तो आमच्या दिंडीतल्या तात्यांमुळे. तात्या टाळकरी, नदीच्या खालच्या अंगाच्या एका गावचे, शेती पाटावरची. पाट म्हणजे काय हे त्यांनी मला चालता चालता हाताने दाखवून समजावलं. या नदीवर ठिकठिकाणी ब्रिटिशांच्या काळातले दगडी बंधारे आहेत, पण ते पाणी साठवायला नाहीत, वळवायला आहेत. नदीला पाणी आलं की बंधाऱ्यामागे पातळी चढते आणि काठाने काढलेल्या पाटात पाणी शिरतं, पुढे नुसत्या उतारावर चालत शेतापर्यंत जातं. मोटर नाही, लाइटबिल नाही, रात्री तीनला वीज येईल म्हणून जागायचं नाही. उरलेलं पाणी बंधाऱ्यावरून खाली, पुढच्या गावच्या बंधाऱ्याला. पाट चालला की आजूबाजूच्या विहिरींना पाझर लागतो, तो फायदा दूरपर्यंत जातो. मोसम नदीच्या खोऱ्यातली फड बागायत, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर गावाने मिळून करायची शेती, मी ऐकून होते, पण आपल्या सिन्नरला असं काही आहे हे इतकी वर्षं नाशकात राहून माहीत नव्हतं.

मधल्या काळात हे पाट गाळाने बुजले, ज्याने त्याने बोअर घेतले आणि पाण्याची पाळी ठरवायला कोणी एकत्र बसेना. मग सिन्नरची युवा मित्र संस्था आणि गावोगावचे शेतकरी यांनी मिळून पाट मोकळे केले, पाणी वापर संस्था केल्या. तात्या म्हणाले, "गाळ काढणं सोपं होतं गं ताई, वरच्याला आन् खालच्याला एका सतरंजीवर बसवणं अवघड होतं."

मी विचारलं, तात्या, ही नदी पंढरपूरला जाते का हो शेवटी. ते म्हणाले, "नाही ना! ती गोदामाईबरोबर खाली आंध्रात जाती. चंद्रभागेला तिचा थेंब नाही. म्हणून तर आपण पायी जायचं, तिचा बी नमस्कार घेऊन."

सिन्नर गेलं, गोंदेश्वराचं दर्शन लांबूनच. दुपार झाली, पावसाचं नुसतं आभाळ, वारा बंद, डांबर तापलेलं. उजव्या टाचेचा फोड टरारला होता आणि डाव्या अंगठ्याखालचा फुटून ओला झाला होता. दिंडीचे चालक मागे येऊन दोनदा म्हणाले, उचला पाय, अंतर पडतंय, दातलीला रिंगण आहे. मला रडू आलं, आणि विठ्ठलाचा, चालकांचा, टँकरवाल्या बाईचा, सगळ्यांचा एकदम राग आला. तात्यांना म्हटलं तुम्ही व्हा पुढे, आणि रस्ता सोडून करंजाच्या सावलीला बसले. समोरच कोरडा पाट होता.

पाटाच्या पलीकडे वस्ती होती, दारात एक म्हातारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि सूप खाली ठेवलं. आली ती तांब्या घेऊनच. मला वाटलं पाणी प्यायला, तर तिने ते माझ्या पायावर ओतलं. मी पाय मागे घेतला, म्हटलं आजी नको, तुम्ही मोठ्या. ती म्हणाली, "मोठं कोन न् ल्हान कोन, वारीत समदे माउली," आणि पाय ओढून मांडीवरच घेतला.

सुई तिने काडीपेटीच्या जाळावर धरली. दोरा घातला तो विडी बांधायचा, तोच तिच्याजवळ होता. मग फोडाच्या एका कडेने सुई आत घालून दुसऱ्या कडेने काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कात्रीने तोडली. कातडी काढायची नाही म्हणाली, दोऱ्याने पानी झिरपून जाईल, कातडी काढली तर आग होईल. तिच्या बोटांना तंबाखूचा वास होता आणि अंगठ्याच्या नखाची कड विड्यांची तोंडं दाबून दाबून झिजलेली. ती खाली मान घालून काम करत होती, मी कुठली, काय करते, काही विचारलं नाही. फुटलेल्या फोडाला खोबरेल आणि हळद लावली, जुन्या लुगड्याची पट्टी फाडून बांधली. मग म्हणाली, "माझं काय आता व्हत न्हाई यायचं. हजार विड्यांना पत्ता पुरत न्हाई, गुडघं बी गेलं." माझ्याकडे प्रसादाचे साखरफुटाणे होते ते दिले तर पदरात घेऊन कपाळाला लावले, आणि वाकून माझ्या बांधलेल्या पायालाच हात लावला. मला काय करावं ते सुचेना. मीही तिच्या पाया पडले, दोघी एकाच वेळी वाकलो आणि डोक्याला डोकं लागलं.

निघताना तिने पाटाकडे हात केला, आखाडात पानी आलं की हितून दारापर्यंत आवाज येतो म्हणाली.

दातलीचं रिंगण मी शेताच्या बांधावरून पाहिलं, अश्व धावला, माती कपाळाला लावली. त्यानंतरचं मात्र सांगायलाच हवं. दिंड्या पुढे सरकल्यावर नदीच्या पात्रात पत्रावळ्या, पाण्याची पाकिटं, थर्माकोलच्या वाट्या यांचा सडा पडला होता. आपल्याच लोकांनी टाकलेला. तोंडाने माउली माउली म्हणायचं आणि जिच्या काठाने आलो तिच्या अंगावर उष्टं टाकायचं, ही कसली वारी? आम्ही तिघी-चौघींनी होईल तेवढं पोत्यात भरलं, एकजण म्हणाला पावसात जाईल वाहून. जाईल ना, पुढच्या बंधाऱ्यावर आणि तात्यांच्या पाटात जाईल.

खंबाळ्याला मुक्काम. तिथून पारेगावच्या वाटेला नगर (आता अहिल्यानगर) जिल्हा लागतो, म्हणजे नदी गोदावरीकडे आणि आम्ही दक्षिणेला. दोरा दोन्ही टोकांनी लोंबत होता, पण टाच टेकत होती. राजुरी, बेलापूर, राहुरी, नगर, मिरजगाव, करकंब, एकामागे एक गेली, काही ठिकाणी सुंदर कीर्तन झालं, एका ठिकाणी रात्रभर तंबूत पाणी.

एकादशीला आम्ही नामदेव पायरीपाशी होतो आणि तात्यांचा फोन वाजला. मुलाचा होता, कोनांब्याकडे दोन दिवस पाऊस, नदीला पाणी आलंय, पण पाटाच्या तोंडाशी बाभळी अडकल्यात, माणसं लागतील. तात्यांनी कळसाला हात जोडले, द्वादशीला पारणं केलं आणि काल्याला न थांबता नाशिकची एसटी धरली. चालक त्यांच्यावर जरा नाराज झाले. मी तात्यांच्या बाजूने होते, बॅग मीच स्टँडपर्यंत नेली, आणि आजीच्या वस्तीवर पाट पोचला की मला फोन करा असं दोनदा सांगितलं.