बॅच ९: दाणे गेले एकदाचे!

मंडळी, जमलं! आज आठवा दिवस आहे आणि घरी केलेलं सिरॅमाइडचं क्रीम अजून लोण्यासारखं मऊ आहे, सकाळी मनगटावर चोळून खिडकीत उजेडाला धरून पाहिलं, एक दाणा नाही.

आधीच्या सगळ्या बॅचेस तिसऱ्या दिवशी बारीक रव्यासारख्या व्हायच्या आणि मी शिया बटरवर संशय घेत बसले होते. पण शियाचा दाणा त्वचेच्या उबेने विरघळतो ना, हा कितीही चोळा, तसाच. म्हणजे सिरॅमाइड एनपीच (त्वचेत असतं तसं मेणचट लिपिड, पावडर मिळते) क्रिस्टल होऊन बाहेर पडत होतं. घोळ होता डबल बॉयलरचा. बाहेर पाणी खळखळ उकळतंय पण आतला ऑइल फेज (क्रीमचा तेलाचा भाग) ८८ अंशांच्या पुढे सरकेना, आणि तेवढ्यावर ही पावडर पूर्ण विरघळतच नव्हती, तेल गढूळ ते गढूळच. यावेळी बीकर थेट हॉटप्लेटवर ठेवला, बदामतेल काढून ऑक्टिलडोडेकॅनॉल (तेलासारखं द्रव) घेतलं आणि ढवळत राहिले, ९८ला बघता बघता सगळं काचेसारखं स्वच्छ! इतका आनंद झाला की आईला हाक मारून दाखवलं. वॉटर फेजही (पाण्याचा भाग) ८५ला तयार ठेवला, नाहीतर गारव्याने परत दाणे धरतात. उडालेलं पाणी वजन करून भरलं, फिनॉक्सीइथेनॉल (प्रिझर्व्हेटिव्ह) तापमान ४०च्या खाली आल्यावर घातलं.

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला मला एका दुकानात 'सिरॅमाइड' म्हणून पांढरं पातळ द्रावण दिलं होतं, आत सिरॅमाइड किती टक्के ते दुकानदारालाही सांगता येईना. सीओए (तपासणीचं प्रमाणपत्र) दाखवल्याशिवाय घेऊ नका, पावडर महाग पडते पण काय टाकतोय ते तरी कळतं.

थांबा, हे लिहिताना वही उघडली तर लक्षात आलं, सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि स्टिअरिक ॲसिडचं ३:१:१ हे प्रमाण मोलचं (रेणूंच्या संख्येचं) आहे! मी ग्रॅममध्ये मोजत होते, ०.३ सिरॅमाइड, ०.१ कोलेस्टेरॉल, ०.१ स्टिअरिक. सिरॅमाइड एनपीचा रेणुभार ५८४, कोलेस्टेरॉल ३८७, स्टिअरिक २८४, म्हणजे ०.३ला ०.०६६ आणि ०.०४९ पुरे. एवढंसं माझ्या काट्यावर येणार नाही, पंखा चालू असला तरी आकडा हलतो. त्यामुळे केसांचा बीटीएमएसवाला (केस मऊ करणारं इमल्सिफायर) कंडिशनर पुढे ढकलतेय, आधी तिन्ही लिपिड्सचा दहापट प्रीमिक्स (आधीच एकत्र केलेलं मिश्रण) ऑक्टिलडोडेकॅनॉलमध्ये करून ठेवते आणि बॅच १० त्यातूनच लावते.